गोक्स्तादच्या जहाजास ‘लांब जहाज’ म्हणावें काय ?

नॉर्वे देशांत ओस्लोच्या खाडीच्या पश्चिमेस वेस्तफोल्द नांवाचा प्रांत आहे. त्यांतील सान्देफ्योर्द गांवाजवळ, गोक्स्ताद या शेतवाडींतील एका मोठ्या टेकाडांत इ. स. १८८० सालीं एक प्राचीन जहाज सांपडलें. निळसर चिकणमातींत गाडलें गेल्यामुळें त्याचें लांकूड हजार वर्षें टिकून राहिलें होतें. उत्खननाचें काम निकोलाय निकोलायसेन या पुराणवस्तुसंशोधकानें चालविलें आणि दोनच वर्षांनीं, म्हणजे १८८२ सालीं, त्या शोधाचा सचित्र वृत्तांत त्यानें प्रसिद्ध केला. हा ग्रंथ नॉर्वेजी व इंग्रजी अशा दोन भाषांत एकत्र छापलेला आहे. नॉर्वेजी नांवांत ग्रंथकारानें या जहाजास ‘लांब जहाज’ म्हटलें आहे. इंग्रजी नांवांत त्याच वस्तूस ‘वायकिंग जहाज’ म्हटलें आहे.

वरवर पाहतां हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु तो तसा नाहीं. ‘वायकिंग’ हा शब्द जहाज कोणाचें, हें सांगतो. ‘लांब जहाज’ हा शब्द जहाज कोणत्या जातीचें व कोणत्या कामाचें, हें सांगतो; कारण जुन्या नॉर्स वाङ्मयांत त्याचा अर्थ ‘वल्ह्यांच्या बळावर धांवणारें युद्धाचें जहाज’ असा रूढ आहे. पहिलें विधान निर्विवाद आहे. दुसरें विधान सिद्ध करावें लागतें, आणि निकोलायसेननंतर बहुतेकांनीं तें सिद्ध झालेंच आहे असें धरून चालण्याचा प्रघात पाडला. पुढें शाळेच्या पुस्तकांत, चित्रांत व नाणीं-तिकिटांवर ‘वायकिंगांचें लांब जहाज’ म्हणून जी आकृति आली, ती बहुधा गोक्स्तादच्याच जहाजाची छाया होय. त्या आकृतीच्या टोंकावर नागमुख अथवा व्याघ्रमुखही बसविण्यांत येतें. वास्तविक गोक्स्तादच्या जहाजाचीं दोन्ही टोंकें चिकणमातीच्या वर राहिल्यानें कुजून गेलीं होतीं व त्यांवर काय होतें हें सांगण्यास कांहींएक आधार नाहीं. नांवानें चित्र निर्माण केलें व चित्रानें इतिहास, असा हा प्रकार आहे. म्हणून या एका नांवाची साधनांच्या आधारें तपासणी करण्याचें योजिलें आहे. विषय आपल्या प्रांतापासून दूरचा असला, तरी उत्तरकालीन शब्द पूर्वकालीन वस्तूस लावावा कीं नाहीं, हा प्रश्न प्रत्येक इतिहासाभ्यासकास पडणारा आहे.

१

प्रथम ग्रंथकाराचे गुण सांगणें न्याय्य होईल. निकोलायसेननें जें पाहिलें त्याचें वर्णन बारकाईनें केलें, मापें घेतलीं, जहाजाबरोबर सांपडलेल्या वस्तूंची नोंद ठेविली, आणि हें सर्व विनाविलंब जगापुढें मांडलें. त्याच्या वेळीं तुलनेस साधनें तरी कितीशीं होतीं ? १८६३ सालीं नीदामच्या दलदलींत सांपडलेलें, चौथ्या शतकाच्या आरंभींचें, डोलकाठी नसलेलें ओकाचें जहाज, आणि १८६७ सालीं तूने येथें सांपडलेलें मोडकें जहाज, हींच काय तीं नांव घेण्याजोगीं. ओसेबर्गचें जहाज १९०४ सालीं व डेन्मार्कांतील जहाजें त्याहूनही पुष्कळ मागाहून उजेडांत आलीं. तेव्हां ग्रंथकारास दोष देणें हा या लेखाचा हेतु नव्हे. त्यानें दिलेलें नांव पुढील दीडशें वर्षांच्या पुराव्यांत टिकतें काय, इतकाच प्रश्न आहे.

जहाजाचें स्वरूप थोडक्यांत असें. लांबी सुमारें २३ मीटर; मध्यभागीं रुंदी सुमारें ५.२ मीटर, बांधणी ओकाची. तळाशीं एक अखंड कणा. त्याच्या दोन्ही बाजूंस सोळा सोळा फळ्यांच्या ओळी. प्रत्येक फळी खालच्या फळीवर थोडी चढवून लोखंडी खिळ्यांनीं तिच्याशीं जोडलेली, खिळ्याचें आंतलें टोंक लोखंडी चकतीवर ठोकून बसविलेलें, आणि सांध्यांत डांबर लाविलेले पशूंचे केंस भरलेले. अगोदर फळ्यांचें कवच उभें करावयाचें व मागून आंत बरगड्या बसवावयाच्या, ही या उत्तरेकडील सुतारांची रीत. पाण्याखालच्या फळ्या बरगड्यांस खिळ्यांनीं जखडलेल्या नसून बांधून घेतलेल्या आहेत. त्यामुळें लाटांबरोबर जहाजाचें अंग थोडें लवतें, पण फुटत नाहीं. सुकाणूं उजव्या कुशीस आहे. चौदाव्या फळींत प्रत्येक बाजूस सोळा, म्हणजे एकंदर ३२ वल्ह्यांचीं भोंकें आहेत, आणि प्रत्येक भोंकास आंतून बंद करतां येणारें लांकडी झांकण आहे. बाहेरून प्रत्येक बाजूस ३२, अशा ६४ ढाली, एक पिवळी व एक काळी या क्रमानें लाविलेल्या होत्या. वल्हेकऱ्यांसाठीं कायमचीं बाकें मात्र आढळलीं नाहींत.

निकोलायसेनच्या पक्षीं बोलणारा मनुष्य या वर्णनांतील वल्हीं व ढाली दाखवून म्हणेल कीं, हें युद्धाचें जहाज नव्हे तर काय ? ६४ ढाली म्हणजे ६४ लढवय्ये, आणि ३२ वल्ह्यांवर दोन पाळ्या. हा युक्तिवाद चमकदार आहे. परंतु ढाली थडग्यांतील जहाजावर लाविलेल्या होत्या हें विसरतां येत नाहीं. त्या ज्या ठिकाणीं होत्या तेथें असतां वल्ह्यांचीं भोंकें झांकलीं जातात. अर्थात् ती मृताच्या सन्मानार्थ केलेली मांडणी होय. समुद्रावरील नित्याची व्यवस्था तीच होती असें तीवरून ठरत नाहीं. झांकणांवरून मात्र कांहीं निश्चित ठरतें. वल्हीं आंत ओढून भोंकें बंद करावयाचीं व शिडावर जावयाचें, हा बेत बांधणाऱ्याच्या मनांत आरंभापासून होता. भोंकांच्या वर आणखी दोन फळ्यांची उंची ठेवणें हेंही उघड्या समुद्रावरील लाटांसाठींच आहे.

२

आतां मापांकडे वळूं. ‘लांब’ हा शब्द सापेक्ष आहे. लांबी रुंदीच्या मानानें मोजली पाहिजे. गोक्स्तादच्या जहाजाची लांबी रुंदीच्या सुमारें साडेचार पट आहे. ओसेबर्गच्या जहाजाची लांबी सुमारें २१.५ मीटर व रुंदी ५.१ मीटर, म्हणजे प्रमाण ४.२ पट.

यांच्याशेजारीं डेन्मार्कांतील पुरावा ठेवावा. रोस्किल्देच्या खाडींत स्कुल्देलेव गांवाजवळ, शत्रूचा मार्ग अडविण्यासाठीं अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं जुनीं जहाजें दगडांनीं भरून बुडविलेलीं होतीं. १९६२ सालीं त्या जागेभोंवतीं बांध घालून, पाणी उपसून, ओलाफ ओल्सेन व ओले क्रुम्लिन-पेडरसेन या संशोधकांनीं तीं बाहेर काढलीं. प्रथम सहा वाटलीं. मागून त्यांतील दोन एकाच जहाजाचे भाग आहेत असें कळून संख्या पांचावर आली. या पांचांचें महत्त्व असें कीं, तीं कोणा राजाच्या थडग्यांतील नसून नित्य वापरांतून निवृत्त झालेलीं, निरनिराळ्या कामाचीं जहाजें आहेत.

त्यांतील दुसऱ्या क्रमांकाचें जहाज १०४२ च्या सुमारास डब्लिन येथें बांधलेलें. लांबी सुमारें ३० मीटर, रुंदी ३.८ मीटर, प्रमाण जवळ जवळ आठ पट. वल्हीं सुमारें ६०. पांचवें १७.३ मीटर लांब व अवघें २.५ मीटर रुंद, प्रमाण सुमारें सात पट, वल्हीं २६. हीं दोन्ही युद्धाचीं, याविषयीं मतभेद नाहीं. पहिलें जहाज सुमारें १६ मीटर लांब व ४.८ मीटर रुंद, प्रमाण सव्वातीन पट. त्यांत सुमारें २४ टन माल मावे व सहा-आठ माणसें तें चालवीत. तिसरें १४ मीटर लांब व ३.३ मीटर रुंद, प्रमाण ४.२ पट, तें चार-पांच टन मालाचें. हेडेबीच्या बंदरांतून १९७९ सालीं काढलेलें, ९८५ च्या सुमाराचें युद्धजहाज तर सुमारें ३१ मीटर लांब असून तीन मीटरही रुंद नाहीं. तेथें प्रमाण अकरा पटींच्या वर जातें.

या ओळींत गोक्स्तादचें साडेचार पट कोठें बसतें, हें वाचकांनींच पाहावें. युद्धाच्या जहाजांत सात, आठ, अकरा पट; मालाच्या जहाजांत तीन ते सव्वाचार पट. गोक्स्तादचें जहाज दुसऱ्या गटाच्या शेजारीं येतें. वल्ह्यांची संख्या ही खूण धरावी तर तीही फसवी; कारण २६ वल्ह्यांचें स्कुल्देलेवचें पांचवें जहाज निःसंशय लढाऊ आहे आणि ३२ वल्ह्यांचें गोक्स्तादचें जहाज त्याच्या दुप्पट रुंद आहे. पोटाची रुंदी मनुष्य वेगासाठीं वाढवीत नाहीं. सामान, शिधा व शिडाचा जोर सांवरण्यासाठीं वाढवितो.

३

मग हें नांव आलें कोठून ? तें आलें सागांतून, म्हणजे आईसलंडांत लिहिलेल्या कथाग्रंथांतून. नॉर्वेच्या राजांचा जो विख्यात इतिहास स्नोरी स्तुर्लुसन यानें रचिला, तो १२३० च्या सुमाराचा. त्यांत ओलाफ त्रिग्वासन राजाच्या ‘दीर्घ सर्प’ नांवाच्या जहाजाचें वर्णन आहे. इ. स. १००० च्या सुमारास स्वोल्दरच्या लढाईंत तो राजा पडला. वल्हेकऱ्यांच्या चौतीस जोड्यांचें तें जहाज होतें असें स्नोरी सांगतो. तें बांधणाऱ्या थोरबेर्ग नांवाच्या सुताराची आख्यायिकाही तो देतो. थोरबेर्गनें एका रात्रीं जहाजाच्या एका कुशीच्या फळ्यांवर खोल खांचा पाडल्या, राजा संतापला, तेव्हां त्यानें त्या खांचांच्या खोलीइतक्या सगळ्या फळ्या तासून काढल्या, आणि ती कूस दुसरीहून सुबक झाल्याचें पाहून राजानें त्यालाच मुख्य सुतार नेमिलें.

आख्यायिका मोठी गोड आहे, आणि फळ्या कुऱ्हाडीनें तासून हलक्या करण्याची कला तींत खरी उतरली आहे. परंतु लढाई व ग्रंथ यांच्यामध्यें सव्वादोनशें वर्षें गेलीं आहेत. बखरींचा उपयोग व बखरींची मर्यादा ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणें नको. स्नोरीनें जुन्या दरबारी कवींचीं कवनें आधारास घेतलीं हें त्यास भूषणावह आहे. तथापि जहाजांच्या जाती व त्यांचे वर्ग यांविषयींची त्याची भाषा त्याच्या स्वतःच्या काळाची असण्याचा संभव सदैव लक्षांत ठेवावा लागतो. गोक्स्तादच्या जहाजाचें लांकूड, वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून पाहतां, ८९० च्या सुमारास तोडलेलें आहे. हें संशोधन १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे तेराव्या शतकांतील ग्रंथांचा शब्द निकोलायसेननें नवव्या शतकाच्या अखेरच्या वस्तूस लाविला. अंतर साडेतीनशें वर्षांचें आहे.

४

येथें निकोलायसेनच्या बाजूनें एक खरा सबळ पुरावा आहे; तो लपविणें योग्य होणार नाहीं. इंग्लंडांतील आंग्लो-सॅक्सन वार्षिकवृत्त हें जवळ जवळ समकालीन साधन. त्यांत ८९६ सालच्या हकीकतींत आल्फ्रेड राजानें डेन लोकांच्या जहाजांशीं सामना करण्यासाठीं ‘लांब जहाजें’ बांधविल्याची नोंद आहे. तीं इतरांच्या जवळ जवळ दुप्पट लांब होतीं. कांहींना ६० वल्हीं होतीं व कांहींना त्याहूनही अधिक. तीं अधिक वेगवान, अधिक स्थिर व अधिक उंच होतीं, असें वृत्तकार म्हणतो.

यावरून दोन अनुमानें निघतात व तीं परस्परांविरुद्ध जातात. पहिलें असें : ६० वल्ह्यांचीं जहाजें जर जवळ जवळ दुप्पट लांब, तर डेन हल्लेखोरांचीं जहाजें तीस-बत्तीस वल्ह्यांच्या घरांत येतात. गोक्स्तादचें जहाज ३२ वल्ह्यांचें व त्याच दशकांतलें. म्हणजे आकारानें तें त्या काळच्या स्वारीच्या जहाजांच्या तोडीचें ठरतें, आणि त्यांतून कोणी लढावयास गेलेंच नसेल असें म्हणण्याचा आपणांस अधिकार राहत नाहीं. त्यांत पुरलेल्या पुरुषाच्या हाडांवर शस्त्रांचे घाव असल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत दिसून आलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

परंतु दुसरें अनुमान अधिक महत्त्वाचें आहे. हा वृत्तकार ‘लांब जहाज’ हा शब्द डेनांच्या जहाजांस लावीत नाहीं. त्यांच्यासाठीं तो ‘ॲस्क’ हा निराळा शब्द वापरतो. ‘लांब’ हें विशेषण तो आल्फ्रेडच्या नवीन जहाजांस देतो, आणि तें अशासाठीं कीं डेनांचीं जहाजें त्यांच्यापुढें आंखूड होतीं. सारांश, गोक्स्तादच्या जहाजाचा समकालीन साक्षीदार जर त्या जहाजापुढें उभा केला, तर ‘लांब’ म्हणण्याचें त्यास कांहींच कारण दिसलें नसतें. याच नोंदींत पुढें एक बोधप्रद प्रसंग आहे. आल्फ्रेडच्या नऊ नव्या जहाजांनीं एका खाडीच्या मुखाशीं डेनांचीं सहा जहाजें गांठलीं. पण ओहोटीनें तीं नवीं जहाजें गाळांत रुतलीं, आणि भरतीचें पाणी प्रथम डेनांकडे पोंचल्यामुळें ते वल्हीं मारीत निसटले. ६० वल्ह्यांच्या लांबीचा अशा उथळ जागीं कांहींच उपयोग झाला नाहीं.

५

मग खरी गोष्ट काय असावी ? आमच्या मतें, ‘युद्धाचें’ व ‘मालाचें’ अशी जहाजांची काटेकोर वांटणी ८९० च्या सुमारास नॉर्वेंत पुरी झालेली नव्हती. वांटणीचा पुरावा दहाव्या शतकापासून दिसूं लागतो. फ्यून बेटावर लादबी येथें १९३५ सालीं ज्याचे केवळ लोखंडी खिळे व मातींतील ठसा सांपडला, तें जहाज दहाव्या शतकाच्या पूर्वार्धांतलें, सुमारें २१.५ मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे खरोखरच लांब. स्वीडनमधील गोता नदींत १९३३ सालीं निघालेलें ॲस्केकेरचें जहाज ९३० च्या सुमाराचें व मालाचें. गोक्स्तादच्या पुढील एक-दोन पिढ्यांतच हे दोन मार्ग फुटलेले दिसतात. डेन्मार्कचें उथळ व बेटांच्या आडोशाचें पाणी आणि नॉर्वेचा उघडा पश्चिम समुद्र यांतही अंतर आहे. तेव्हां काळाबरोबर स्थळाचाही विचार करावा लागेल.

निकोलायसेनचें नांव चुकलें असें म्हणणाऱ्या अलीकडील पंडितांनीं त्याऐवजीं ‘कार्वे’, म्हणजे सरदाराच्या प्रवासाचें बहुगुणी जहाज, हें नांव सुचविलें आहे. आशय बराचसा ग्राह्य आहे. पण शब्द पुन्हां त्याच उत्तरकालीन वाङ्मयांतून उचललेला आहे. एक रोग घालविण्यासाठीं त्याच रोगाचें दुसरें बीज पेरणें हा उपाय नव्हे.

नमुन्याबरहुकूम नवीं जहाजें बांधून निर्णय करावा, असेंही कोणी म्हणेल. १८९३ सालीं मॅग्नुस आन्देरसेन यानें गोक्स्तादच्या नमुन्यावर बांधलेलें ‘वायकिंग’ नांवाचें जहाज बेर्गेनहून निघून चार आठवड्यांत न्यूफाउंडलंडास पोंचलें व पुढें शिकागोच्या प्रदर्शनास गेलें. असें जहाज महासागर ओलांडूं शकतें, हें यानें सिद्ध झालें. गोक्स्तादच्या धन्यानें तो ओलांडला, हें सिद्ध झालें नाहीं. याच्या उलट, ओसेबर्गच्या जहाजाची १९८७ सालीं केलेली प्रतिकृति पुढील वर्षींच शिडावर चालवितांना बुडाली. तेव्हां ओसेबर्गचें जहाज समुद्रास नालायक असा कित्येकांनीं निष्कर्ष काढला. परंतु फेरतपासणींत असें दिसलें कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं मूळचे तुकडे पुन्हां जुळवितांना पुढील भागाचा तळ बरोबर साधला नव्हता. मापें सुधारून २०१२ सालीं तोन्सबर्ग येथें पाण्यांत लोटलेलें नवें जहाज उत्तम चाललें. बुडाली ती विसाव्या शतकांतील जुळणी होती. नवव्या शतकांतील सुतारास तिचा दोष लागत नाहीं. म्हणजे प्रत्यक्ष वस्तु हातीं असतांही तिच्यावर आपल्याच कल्पनेचा थर चढलेला असूं शकतो.

अशीच सावधगिरी थडग्यांतील इतर वस्तूंविषयीं बाळगावी लागते. गोक्स्तादच्या टेकाडांत मोराचीं हाडें सांपडलीं. मोर हा आपल्या देशचा पक्षी. पण तेवढ्यावरून या जहाजाचा हिंदुस्थानाशीं संबंध जोडूं पाहणें हास्यास्पद होईल. पुष्कळ हातांतून फिरत गेलेली ती एका धनाढ्य पुरुषाच्या ऐश्वर्याची वस्तु होय, याहून अधिक तिच्यावरून निघत नाहीं. जहाजही त्याच ऐश्वर्याचा भाग आहे. गोक्स्ताद व ओसेबर्ग यांवरून सर्व वायकिंगांच्या नौकानयनाचें चित्र काढणें म्हणजे राजाच्या पालखीवरून देशांतील सर्व वाहनांचें वर्णन करणें होय. मासे मारणारा, लोंकर व धान्य वाहणारा, आईसलंडास गुरें नेणारा मनुष्य कोणत्या जहाजांत बसत होता, हें त्या थडग्यांनीं सांगितलें नाहीं. स्कुल्देलेवच्या टाकाऊ सांगाड्यांनीं सांगितलें.

६

निष्कर्ष असा. गोक्स्तादचें जहाज नवव्या शतकाच्या अखेरचें, शीड व वल्हीं या दोहोंवर सारखेंच चालणारें, उघड्या समुद्रास योग्य, एका मोठ्या सरदाराच्या प्रवासास व प्रसंगीं स्वारीस उपयोगी पडणारें जहाज होय. ‘लांब जहाज’ हें नांव त्याच्या मापांस शोभत नाहीं, समकालीन साक्षीस जुळत नाहीं, आणि ज्या वाङ्मयांतून तें घेतलें तें साडेतीनशें वर्षें मागाहूनचें आहे. त्यास केवळ सांपडल्या जागेचें नांव द्यावें व तेवढ्यावर थांबावें, हें उत्तम. ‘लांब जहाज’ हा शब्द हेडेबी, लादबी व स्कुल्देलेव येथील त्या अरुंद जहाजांसाठीं राखून ठेवावा. तेथें तो सार्थ आहे.

आपल्या किनाऱ्यावर गुराब, गलबत व शिबाड हीं निरनिराळीं होतीं. त्यांतील शेवटचें व्यापाराचें व पहिलीं दोन लढाईच्या उपयोगाचीं, हें कोंकणच्या जुन्या कागदांत मुरलेल्या अभ्यासकास सांगावें लागत नाहीं. सर्वांस सरसकट ‘गलबत’ म्हणणाऱ्याच्या हातून आरमाराचा व व्यापाराचा इतिहास एकदमच बिघडेल. तोच न्याय उत्तरेच्या समुद्रासही लावला पाहिजे. निकोलायसेननें जहाज मातींतून सुखरूप बाहेर काढलें, याबद्दल त्याचे उपकार मोठे आहेत; त्यावर बसलेलें चुकीचें नांव काढून टाकण्याचें काम मागाहून येणाऱ्यांचें आहे.